बेगडाचे पंख : जर्मनीतील हस्तनिर्मित देवदूत आणि गृहोद्योगाचा इतिहास

गोषवारा

नाताळच्या सजावटीतील हस्तनिर्मित देवदूताकडे सामान्यतः धार्मिक प्रतीक किंवा फावल्या वेळेतील छंद म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार श्रमाच्या इतिहासाचे एक साधन म्हणून केला आहे. त्यासाठी जर्मनीतील दोन उदाहरणे निवडली आहेत : न्यूरेंबर्ग शहरातील पितळी बेगडाचा देवदूत आणि सॅक्सनीतील एर्त्सगेबिर्गे या खाणींच्या डोंगराळ प्रदेशातील लाकडी देवदूत. या वस्तू स्वस्त साधनांतून का घडल्या, त्यांचा आकार कशाने ठरला आणि 'हाताने केलेली वस्तू' या शब्दप्रयोगाला आजचे मोल केव्हा प्राप्त झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : देवदूत, बेगड, कातारी, गृहोद्योग, दादनी पद्धती, एर्त्सगेबिर्गे, न्यूरेंबर्ग.

प्रस्तावना

जाड कागदाचा एक शंकू करावा, त्याच्या टोकावर कापसाचा किंवा लाकडी मण्याचा गोळा डोके म्हणून बसवावा, पाठीला घडीच्या कागदाचे दोन पंख चिकटवावेत आणि डोक्यावर सोनेरी तारेचे कडे ठेवावे, की नाताळचा देवदूत तयार होतो. शाळेच्या हस्तकला वर्गात तो पंधरा मिनिटांत होतो आणि त्याला खर्चही नाममात्र येतो. इतक्या साध्या वस्तूला इतिहास असेल, अशी शंकाही सहसा येत नाही. तथापि शंकू, मणी, घडीचे पंख आणि सोनेरी चकाकी यांपैकी प्रत्येक घटकामागे एखादा जुना व्यवसाय आणि त्या व्यवसायावर पोट असणारी माणसे उभी असल्याचे दिसून येते.

इतिहासलेखनात वस्तूंना दीर्घकाळ दुय्यम स्थान मिळाले. त्यातही राजदरबारातील किंवा देवालयातील वस्तूंची नोंद झाली. परंतु बाजारात चार पैशांना विकल्या गेलेल्या आणि वापरून टाकून दिलेल्या वस्तूंची नोंद फारशी झाली नाही. ज्यांनी त्या केल्या त्यांनी आपल्यामागे लेखन ठेवले नाही. अशा वेळी वस्तू हीच त्यांची साक्ष ठरते. ती साक्ष वाचायची असेल तर वस्तूचा अर्थ काय, या प्रश्नाच्या आधी ती कशाची केली आहे, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. प्रस्तुत निबंधाची पद्धती हीच आहे.

देवदूत आणि धर्मसुधारणा

विषयाच्या पार्श्वभूमीसाठी सोळाव्या शतकातील एका बदलाची नोंद घेणे भाग आहे. मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा स्वीकार न्यूरेंबर्गने १५२५ मध्ये केला, तर एर्त्सगेबिर्गेचा मोठा भाग ज्यांच्या अमलाखाली होता त्या सॅक्सनीच्या शाखेत ती १५३९ मध्ये आली. नव्या पंथाने संतांची मध्यस्थी नाकारली. त्यामुळे संतांच्या मूर्ती घडविणाऱ्या कारागिरांचे एक मोठे गिऱ्हाईक कमी झाले. देवदूतांना मात्र बायबलचा थेट आधार असल्याने त्यांचे स्थान टिकून राहिले.

याच काळात मुलांना भेटी देण्याची प्रथा ६ डिसेंबरच्या संत निकोलसच्या सणाकडून नाताळकडे सरकली आणि भेटी आणणारा म्हणून 'क्रिस्टकिंड' म्हणजे बाळ ख्रिस्त ही कल्पना ल्यूथरपंथीयांमध्ये रुजली. पुढे लोककल्पनेत या बाळाचे रूप बदलत गेले. सोनेरी केसांची, शुभ्र वस्त्रे ल्यालेली, पंख असलेली मुलगी म्हणून ते ओळखले जाऊ लागले. बाळ ख्रिस्त आणि देवदूत यांच्यातील सीमारेषा अशा रीतीने पुसट झाली. चर्चच्या भिंतीवरून खाली उतरून देवदूताला घरात येण्याची वाट या मिश्रणामुळे मोकळी झाली असे म्हणता येईल. मात्र घरात येण्यासाठी तो घराला परवडणाऱ्या साधनांत घडणे आवश्यक होते.

वर्ख आणि बेगड : न्यूरेंबर्गचा देवदूत

न्यूरेंबर्ग हे मध्ययुगापासून धातुकामासाठी प्रसिद्ध असलेले शहर. १३४८–४९ च्या उठावानंतर तेथील नगरपरिषदेने कारागिरांच्या स्वायत्त श्रेणींना मज्जाव केला आणि व्यवसायांचे नियमन स्वतःकडे घेतले. तांबे, पितळ, तार, पत्रा अशा प्रत्येक कामाचे कारागीर शहरात होते. बाहुल्या आणि खेळणी हा या कारागिरीला फुटलेला एक फाटा होय. न्यूरेंबर्गचा किरकोळ माल सर्व देशांत पोहोचतो, अशा अर्थाची एक म्हणच जर्मन भाषेत रूढ झाली.

न्यूरेंबर्गच्या दक्षिणेस असलेले श्वाबाख हे गाव सोन्याचा वर्ख ठोकण्यासाठी नावाजलेले होते. वर्ख खऱ्या सोन्याचा. तो वेदीच्या चौकटींवर, मूर्तींवर आणि हस्तलिखितांवर चढत असे. त्याच्याच जोडीला पितळ ठोकून केलेला कागदासारखा पातळ पत्रा बाजारात होता. जर्मन भाषेत त्याला 'राउशगोल्ड' म्हणतात. 'राउशेन' म्हणजे सळसळणे. हलविल्यावर सळसळणारे सोने, असा त्याचा शब्दशः अर्थ. मराठीत या वस्तूसाठी 'बेगड' हा नेमका शब्द आहे. मखरावर, ताबुतावर, बाशिंगावर जी चकाकी आपण पाहतो ती याच जातीची. विशेष असे की, एकाच प्रकारच्या वस्तूला दोन भाषांनी दोन वेगळ्या अंगांनी पाहिले. जर्मन शब्द तिच्या आवाजाकडे पाहतो. मराठीने मात्र 'बेगडी' या विशेषणातून तिच्या खोटेपणावर बोट ठेवले. ज्याच्या अंगी खरे सोने नाही ते बेगडी, हा निवाडा वर्ख परवडणाऱ्यांचा आहे. ज्यांना तो परवडत नव्हता त्यांच्या दृष्टीने बेगड ही नक्कल नसून सणाच्या दिवशी घरात येणारे एकमेव सोने होते.

या बेगडापासून न्यूरेंबर्गचा देवदूत तयार झाला. त्याची रचना साधी असते. मेण, लाकूड किंवा कागदाचा लगदा यांचे डोके, कमरेपासून खाली घंटेच्या आकाराचा चुणीदार झगा, पाठीला पंख आणि माथ्यावर उंच मुकुट. या झग्याच्या चुण्या पाहणाऱ्याला केवळ शोभेच्या वाटतात. वस्तुतः त्या पत्र्याच्या पातळपणातून आलेल्या आहेत. इतका पातळ पत्रा सपाट ठेवला तर तो स्वतःच्या भाराने वाकतो. परंतु त्याला जवळजवळ घड्या घातल्या की त्याच्या अंगी ताठपणा येतो. म्हणजे ज्या ठिकाणी जाड पत्रा वापरणे खर्चाचे होते त्या ठिकाणी कारागिराने घडीकडून आधाराचे काम करून घेतले. शिवाय प्रत्येक घडीच्या कडेवर प्रकाश वेगळा पडत असल्याने थोडक्या धातूतून पुष्कळ चकाकी मिळाली. आज कागदी देवदूताच्या झग्याला आणि पंखांना आपण ज्या घड्या घालतो त्यांच्या पाठीशी हाच न्याय आहे.

या देवदूताच्या जन्माविषयी न्यूरेंबर्गमध्ये एक आख्यायिका सांगितली जाते. तीस वर्षांच्या युद्धाच्या (१६१८–१६४८) धामधुमीनंतर एका बाहुल्या करणाऱ्या कारागिराची लहान मुलगी वारली. शोकाकुल बापाला ती स्वप्नात सोनेरी चुणीदार झगा घातलेल्या देवदूताच्या रूपात दिसली. तिच्या पंखांची सळसळ त्याला ऐकू आली आणि जागा झाल्यावर त्याने आठवणीने तशी बाहुली केली. ही आख्यायिका आहे आणि इतिहास म्हणून ती स्वीकारता येणार नाही. तरीही तिची दखल घेण्यासारखी एक बाब आहे. युद्ध, रोगराई आणि बालमृत्यू यांनी पोळलेल्या समाजाने या स्वस्त बाहुलीचा उगम बाजारात न शोधता एका बापाच्या दुःखात शोधला. वस्तू विकणाऱ्या शहराने तिला दिलेली ही जन्मकथा कारागिराला नाव देत नाही, पण त्याला हृदय देते. नाव नसणे ही बाब पुढील विवेचनातही वारंवार समोर येणार आहे.

न्यूरेंबर्गच्या नाताळ बाजाराचा सर्वांत जुना उपलब्ध पुरावा १६२८ चा आहे. तो कोणत्याही फर्मानात नसून एका छोट्या लाकडी पेटीवरील लेखात आहे. या बाजारातून ती भेट म्हणून पाठविल्याची नोंद तिच्यावर आहे. १७३७ च्या एका यादीनुसार १४० जणांना बाजारात माल मांडण्याचा अधिकार होता आणि शहरातील बहुतेक सर्व हस्तव्यवसाय त्यांत होते. बेगडाचा देवदूत या बाजाराची ओळख बनला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजाराला उतरती कळा लागली आणि तो शहराच्या मुख्य चौकातून हलविला गेला. १९३३ मध्ये नाझी राजवटीने तो समारंभपूर्वक पुन्हा मुख्य चौकात आणला. आपल्या पक्षाच्या मेळाव्यांच्या शहराला जुन्या जर्मन परंपरेचे वलय देण्याचा हेतू त्यामागे होता. बेगडाच्या देवदूताचा असाही उपयोग होऊ शकतो, हे विसरून चालणार नाही. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुने शहर उद्ध्वस्त झाले आणि १९४८ मध्ये त्याच अवशेषांच्या परिसरात बाजार पुन्हा भरला. तेव्हापासून सोनेरी मुकुट व पंखांसारख्या बाह्यांचा झगा घातलेली 'क्रिस्टकिंड' बाजाराचे उद्घाटन करते. आरंभी हे काम अभिनेत्रीकडे होते. १९६९ पासून शहरातील एका तरुणीची दोन वर्षांसाठी निवड केली जाते. तिचा वेश बेगडाच्या देवदूताशी इतका मिळताजुळता आहे की, येथे बाहुलीने माणसाची नक्कल न करता माणसानेच बाहुलीचे रूप घेतले आहे असे म्हणावे लागते.

खाणीतून कातशाळेकडे : एर्त्सगेबिर्गेचा देवदूत

न्यूरेंबर्गचा देवदूत शहरी धातुकामातून आला. दुसरा देवदूत मात्र धातू संपत आल्यामुळे जन्माला आला. सॅक्सनी आणि बोहेमिया यांच्या सीमेवरील डोंगररांगेला एर्त्सगेबिर्गे म्हणजे 'खनिजाचे डोंगर' असे नाव आहे. तेथे फ्रायबेर्ग परिसरात ११६८ मध्ये चांदी सापडली आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीचे नवे साठे मिळाल्यावर खाणकऱ्यांची रीघ लागली. १४९६ मध्ये आनाबेर्ग हे शहर या चांदीवरच वसले. तेथील संत ॲन चर्चमध्ये हान्स हेसे या चित्रकाराने १५२१ मध्ये रंगविलेली वेदी आहे. तिच्या मागील बाजूस खाणीतील सर्व कामे दाखविली आहेत. खोदणारे, गाडी ओढणारे, खनिज धुणारे आणि नाणी पाडणारे, असे सर्व लोक तेथे आहेत. त्याच चित्रात खाणकऱ्यांमध्ये प्रचलित असलेली दानिएलची कथाही आहे. चांदी शोधणाऱ्या दानिएलला देवदूत झाडाकडे जाण्यास सांगतो. तो फांद्यांत शोधतो, तेव्हा चांदी मुळांखाली आहे असे देवदूत त्याला सुचवितो. देवदूत आणि खाणकरी यांची जोडी या प्रदेशात अशी सोळाव्या शतकापासून चित्रबद्ध झालेली आहे.

चांदीचा बहर फार काळ टिकला नाही. वरचे साठे संपले, खोल खाणींतील पाणी उपसण्याचा खर्च वाढला आणि अमेरिकेतील चांदी युरोपात आल्यावर भावही उतरले. त्यानंतर या प्रदेशाने एकामागून एक जोडधंदे धरले. आनाबेर्गमध्ये लेस विणण्याचा धंदा वाढला. बार्बरा उटमान (मृत्यू १५७५) या उद्योजिकेने त्याला मोठी चालना दिली. झायफेन या गावी कथील निघत असे. गावाचे नावच ओढ्याच्या पाण्यात कथील धुण्याच्या क्रियेवरून पडले आहे. तेथे कथील कमी होत गेले तसे लोक लाकडाकडे वळले. जंगल भोवताली होते, ओढे होते आणि खनिज कुटणाऱ्या यंत्रांसाठी वापरली जाणारी पाणचक्कीची शक्ती आता लेथ फिरवू लागली. प्रथम ताटल्या, वाट्या, चरख्याचे भाग आणि बटणे झाली; त्यामागून खेळणी आली. झायफेनमधील खाणकाम १८४९ मध्ये बंद झाले तेव्हा गाव कातारी लोकांचे झाले होते.

लेथवर जे काही घडते ते गोल घडते. एर्त्सगेबिर्गेच्या देवदूताचा आकार या एका मर्यादेतून स्पष्ट होतो. त्याचा झगा घंटेसारखा आणि डोके चेंडूसारखे, कारण हे दोन्ही आकार लेथ सहज देतो. हात आणि पंख लेथवर होत नाहीत. त्यामुळे पंख पातळ फळीतून कापून लावले जात, तर हात पीठ, सरस व खडूची भुकटी अशा वस्तूंच्या मळलेल्या गोळ्यातून हाताने वळून चिकटविले जात. या हातांत मेणबत्त्या असत. जे यंत्राला जमत नव्हते ते घरातील बोटांकडे सोपविले गेले आणि ही बोटे बहुधा स्त्रियांची व मुलांची होती.

मेणबत्ती धरणारा खाणकरी आणि मेणबत्ती धरणारा देवदूत ही जोडी चर्चमधील दीपधारी मूर्तींवरून घरात आली असे मानले जाते. घरगुती लाकडी देवदूत साधारण १८३० च्या सुमारास प्रचारात आला. त्याचा झगा त्या काळच्या मध्यमवर्गीय स्त्रीच्या पोशाखासारखा आहे. नाताळच्या दिवसांत घरातील प्रत्येक मुलामागे एक खाणकरी आणि प्रत्येक मुलीमागे एक देवदूत खिडकीत ठेवावा, अशी प्रथा पडली. हिवाळ्यात खाणकरी पहाटेच्या अंधारात खाली उतरे आणि संध्याकाळच्या अंधारात वर येई. कित्येक दिवस त्याला सूर्यदर्शन घडत नसे. त्यामुळे या प्रदेशात दिव्याला अन्यत्र नसलेले महत्त्व आले. रस्त्याने जाणाऱ्याला खिडकीतील दिवे मोजून त्या घरात किती मुलगे व किती मुली आहेत हे कळत असे. देवदूत येथे कुटुंबाच्या हजेरीपत्रकातील एक नोंद झाला होता. मुलाला खाणकरी आणि मुलीला देवदूत, या वाटणीत श्रमाची जागा पुरुषाला आणि पावित्र्याची जागा स्त्रीला देण्यात आली, हेही लक्षात घेतले पाहिजे. प्रत्यक्षात लेस विणणाऱ्या, खेळणी रंगविणाऱ्या आणि देवदूतांचे हात वळणाऱ्या स्त्रियांचे श्रम पुरुषांपेक्षा कमी नव्हते.

दादनी, दर आणि मुलांचे हात

या वस्तू कोणी आणि कोणत्या अटींवर केल्या, हा प्रस्तुत विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. एर्त्सगेबिर्गेतील खेळणी प्रामुख्याने घरोघरी तयार होत आणि व्यापाऱ्यांमार्फत विकली जात. व्यापारी नमुना देई, मालाचा दर ठरवी आणि तयार माल उचली. कारागीर स्वतःच्या घरात, स्वतःच्या हत्यारांनी, स्वतःच्या कुटुंबासह काम करी. भारताच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना ही रचना अपरिचित नाही. अठराव्या शतकातील विणकरांच्या संदर्भात आपण जिला दादनी पद्धती म्हणतो, तिच्याशी तिचे निकटचे साम्य आहे. कारागीर नावाने स्वतंत्र, परंतु बाजाराशी थेट संबंध नसल्यामुळे दराच्या बाबतीत परतंत्र, हे दोन्हीकडचे समान सूत्र होय.

दर घसरला की उत्पन्न टिकविण्याचा एकच मार्ग उरे : त्याच वेळात अधिक नग करणे. झायफेनमध्ये साधारण १८०० च्या सुमारास विकसित झालेले कडे-कातकाम हे या दबावाचे सर्वांत बुद्धिमान फलित आहे. ओल्या स्प्रूसच्या ओंडक्याची चकती लेथवर चढवून तिच्यात दोन्ही बाजूंनी अशा खाचा पाडतात की, तयार झालेले कडे उभे चिरल्यावर प्रत्येक फाकेच्या छेदात घोडा किंवा गाय उमटते. कातताना हा आकार कारागिराला दिसत नाही. तो केवळ हाताच्या अंदाजाने साधावा लागतो. एका कड्यातून अनेक प्राणी निघत. ते तासणे, रंगविणे आणि त्यांना कान-शेपटी लावणे ही कामे घरातील इतरांची. देवदूताचे शरीर साध्या लेथवर एकेक कातावे लागे. त्यामुळे त्याच्या बाबतीत वेळ वाचविण्याची जागा रंगकामात आणि चिकटकामात होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन खेळणी आणि नाताळची सजावट जगभर जात होती. १८४८ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे नाताळवृक्षासह चित्र छापले. त्या वृक्षाच्या शेंड्यावर देवदूत होता. या चित्राने इंग्लंडमध्ये नाताळवृक्षाची हौस वाढविली आणि तिच्या मागोमाग सजावटीची मागणीही वाढली. रंगीत शिळाछापाच्या तंत्रामुळे देवदूतांची छापील कात्रणे विपुल झाली. ती कापूस, जर आणि बेगडावर चिकटवून घरच्या घरी दागिने तयार होऊ लागले. ड्रेस्डेन येथील संग्रहात असलेल्या राफाएलच्या 'सिस्टिन मॅडोना' या चित्राच्या तळाशी कठड्यावर रेललेली दोन पंखधारी बालके याच काळात मूळ चित्रापासून सुटी होऊन असंख्य छापील वस्तूंवर जाऊन बसली.

या भरभराटीची दुसरी बाजू १९०६ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या गृहोद्योग प्रदर्शनात लोकांपुढे आली. तेथे मांडलेल्या वस्तूंसोबत त्या करण्यास लागणारा वेळ आणि त्यासाठी मिळणारी मजुरी दर्शविणाऱ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. एरवी किंमत सांगणारी चिठ्ठी येथे श्रम सांगत होती. त्यापूर्वी ३० मार्च १९०३ च्या कायद्याने जर्मनीत प्रथमच घरगुती उद्योगांतील बालमजुरीवर मर्यादा आली. परक्या मुलांना बारा वर्षांपर्यंत आणि स्वतःच्या मुलांना दहा वर्षांपर्यंत कामाला लावण्यास मनाई करण्यात आली. कायद्याला घराच्या उंबरठ्याच्या आत यावे लागले, यावरूनच परिस्थितीची कल्पना येते. अर्थात आई-बाप आणि मुले एकाच मेजाभोवती बसून काम करीत असलेल्या घरात या कायद्याची अंमलबजावणी करणे सोपे नव्हते. नाताळपूर्वीचे महिने त्या घरांत सर्वाधिक कामाचे असत. दुसऱ्यांच्या मुलांच्या सणासाठी त्या घरांतील मुलांची बोटे राबत होती.

श्रमाकडून छंदाकडे

हाताने वस्तू करणे हे मुलासाठी आनंदाचे व शिक्षणाचे साधन आहे, हा विचारही याच भूप्रदेशाच्या शेजारी उगम पावला. खेळण्यांच्या गृहोद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या थुरिंगिया प्रदेशात जन्मलेल्या फ्रिडरिश फ्रोबेल (१७८२–१८५२) याने १८४० मध्ये आपल्या संस्थेला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. कागदाच्या घड्या घालणे, कातरणे, विणणे, टोचून नक्षी काढणे या क्रियांना त्याने बालशिक्षणात स्थान दिले. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली; ती १८६० मध्ये उठली आणि ही पद्धती जगभर पसरली. शाळेतील कागदी देवदूत हा अशा रीतीने फ्रोबेलच्या विचाराचा वारस आहे. मात्र याच काळात फार दूर नसलेल्या घरांतील मुले तेच कापणे, चिकटविणे व रंगविणे मजुरीसाठी करीत होती. एकच कृती एका घरात शिक्षण आणि दुसऱ्या घरात पोटापाण्याचा धंदा होती. भेद कृतीत नव्हता. थांबण्याचे स्वातंत्र्य कोणाला आहे, यात होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी हस्तकलेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ड्रेस्डेनच्या कलाशाळेत शिकलेल्या ग्रेटे वेंड्ट आणि ग्रेटे क्यून या दोन तरुणींनी १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, ग्र्यूनहाइनिशेन येथे स्वतःची कार्यशाळा सुरू केली. १९२३ पासून तेथे वाद्ये वाजविणारे छोटे लाकडी देवदूत तयार होऊ लागले. त्यांच्या हिरव्या पंखांवरील अकरा पांढरे ठिपके ही त्यांची खूण ठरली. १९३७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात या देवदूतांच्या समूहाला सुवर्णपदक मिळाले. येथे प्रथमच देवदूताला त्याच्या रचनाकाराचे नाव लाभले आणि तेही स्त्रीचे. 'हाताने केलेले' हे वर्णन आता स्वस्ताईचे न राहता प्रतिष्ठेचे झाले. लेथ आणि लाकूड तेच राहिले; वस्तूभोवतीची सामाजिक परिस्थिती तेवढी बदलली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रदेश पूर्व जर्मनीत गेला. निरीश्वरवादी शासनाला परकीय चलन मिळवून देणाऱ्या वस्तूंत देवदूत होते, हा इतिहासातील एक विरोधाभासच होय. १९७२ च्या राष्ट्रीयीकरणात उपरोक्त कार्यशाळा सरकारजमा झाली आणि १९९० मध्ये ती कुटुंबाकडे परत आली. पूर्व जर्मनीत 'देवदूत' हा धार्मिक शब्द टाळून त्याऐवजी 'वर्षअखेरची पंखधारी आकृती' असे नाव सरकारने योजले होते, असे नेहमी सांगितले जाते. या शब्दाच्या अधिकृत वापराचा भक्कम पुरावा मात्र नाही. तो शासकीय भाषेची थट्टा म्हणून रूढ झाला असण्याची शक्यता अधिक आहे. न्यूरेंबर्गच्या बापाची कथा आणि हा शब्द, या दोन्हींना एकच कसोटी लावली पाहिजे. लोकांना जे खरे वाटावेसे वाटले त्याचा तो पुरावा आहे. जे घडले त्याचा नव्हे. २०१९ मध्ये जर्मनी व चेकिया या दोन देशांत पसरलेल्या या खाणप्रदेशाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. हस्तनिर्मित देवदूताची साधी साधने ही कलात्मक निवड नव्हती. न्यूरेंबर्गमध्ये खरे सोने न परवडल्यामुळे बेगड आले आणि एर्त्सगेबिर्गेत चांदी व कथील संपत आल्यामुळे लाकूड आले. साधेपणा हा आर्थिक परिस्थितीने लादलेला होता. कारागिरांनी त्यातून सौंदर्य निर्माण केले.

२. वस्तूचा आकार तिच्या साधनाने व हत्याराने ठरविला. बेगडाच्या पातळपणातून घडी आली, तर लेथच्या गतीतून घंटेसारखा झगा आला. आजच्या कागदी देवदूताच्या शंकूत आणि घडीच्या पंखांत हे दोन्ही वारसे एकत्र आले आहेत.

३. 'हाताने केलेले' या विशेषणाचा अर्थ स्थिर नाही. ज्या काळी ते काम सक्तीचे होते त्या काळी त्याला मोल नव्हते. ते ऐच्छिक झाल्यावर त्याला मोल आले. या वस्तूंविषयीची हळवी स्मृती जपताना त्यांमागील अल्प मजुरी आणि बालश्रम यांचा विसर पडता कामा नये.

४. या इतिहासात व्यापारी, चित्रकार, शिक्षणतज्ज्ञ आणि रचनाकार यांची नावे मिळतात. परंतु पिठाचे हात वळणाऱ्यांची नावे मिळत नाहीत. त्यांच्याविषयीचा पुरावा वस्तूच्या घडणीतूनच वाचावा लागतो.

शेवटचा मुद्दा आपल्याकडील अभ्यासालाही लागू पडतो. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची लाकडी खेळणी असोत की गणेशोत्सवातील बेगडाची मखरे, त्यांच्या शैलीचे व परंपरेचे वर्णन करताना ती कोणत्या दराने, कोणाच्या घरात आणि कोणाच्या हातांनी घडली, हेही विचारले पाहिजे. मराठीने 'बेगडी' या शब्दाने वस्तूचा खोटेपणा दाखविला, हे खरे. पण त्या बेगडावर घडी घालणारे हात खरे होते. त्यांची नोंद घेणे हे इतिहासाचे काम आहे.